‘पाहायला मिळेल’ : सफारीच्या कार्यक्रमपत्रकाचं एक वाचन

(जरीपटका, नागपूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



समीक्षा म्हटलं की आपल्यासमोर कादंबरी येते, कविता येते, फार तर नाटक. आज आम्ही ज्या मजकुराविषयी बोलणार आहोत, तो कुठल्याही वाङ्मयाच्या इतिहासात सापडणार नाही. तो मजकूर म्हणजे सहलीचं कार्यक्रमपत्रक. त्यातही पूर्व आफ्रिकेच्या सफारीचं. ‘केनिया, सहा रात्री, सात दिवस.’

हसू नका. हा गद्यप्रकार घराघरांत वाचला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते, ती सासूबाईंच्या फोनवर जाते, भाच्याकडे जाते, दुसऱ्या दिवशी ‘यात नाश्ता आहे, पण तिसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण का नाही?’ असा प्रश्न येतो. एकेक शब्द तपासला जातो. वर्षांची बचत या आठ-दहा पानांच्या भरवशावर खर्च होते. कुठल्या मराठी कादंबरीला असे वाचक मिळतात? मग हा मजकूर कसा लिहिला आहे, तो काय दाखवतो आणि काय झाकतो, हे विचारायला काय हरकत आहे?

पत्रकाचा साचा आपल्याला माहीत आहे. पहिला दिवस : नैरोबीला आगमन, तिथून थेट अंबोसेली. तिसरा दिवस : नैवाशा किंवा नाकुरू. चौथ्या-पाचव्या दिवशी मसाई मारा. सातव्या दिवशी परतीचं विमान. प्रत्येक दिवसाखाली तीन-चार ओळी. आणि त्या ओळींमध्ये एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. ‘हत्तींचे कळप पाहायला मिळतील.’ ‘किलिमांजारोचं विलोभनीय दृश्य पाहायला मिळेल.’ ‘नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांचा थरार अनुभवायला मिळेल.’

या ‘मिळेल’वर थोडं थांबू या. मराठीत ‘मिळणं’ कशाचं असतं? रेशन मिळतं, पावती मिळते, उरलेले सुट्टे पैसे परत मिळतात. ज्याचे पैसे भरलेत ते मिळतं, आणि नाही मिळालं तर तक्रार करता येते. ‘आपण हत्ती पाहू’ हे वाक्य वेगळं आहे. त्यात आपण काहीतरी करतो, आणि ते जमेल किंवा जमणार नाही. ‘हत्ती दिसला तर बघू’ हे तिसरं वाक्य, त्यात हत्तीलाही काही मत आहे. ‘पाहायला मिळेल’ म्हटलं की हत्तीचं मत संपलं. दाखवणारा ड्रायव्हर वाक्यातून गेला, पाहण्यासाठी लागणारा वेळ गेला, उरला तो फक्त माल. आमचा आजचा मुद्दा एवढाच आहे की या एका क्रियापदातून सफारीची अख्खी योजना तयार होते, आणि तिचे परिणाम मारा नदीच्या काठावर जसे दिसतात तसे इथे, नागपूरपासून तास-दीड तासावरही दिसतात.

आता ‘सफारी’ हा शब्द. किस्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. नैरोबीहून मोंबासाला मावशीकडे गेलात तरी ती सफारीच. शब्द मूळचा अरबी ‘सफर’, तोच आपल्याकडे ‘सफर’ म्हणून आला. तिकडे गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, चपातीला चपाती आणि बक्षिशीला ‘बक्षिशी’. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर हे शब्द शेकडो वर्षं ये-जा करत होते. म्हणजे सफारी हा आपल्या नात्यातला शब्द. त्याला ‘प्राणी बघण्याची महागडी सहल’ हा अर्थ नंतर चिकटला, आणि तो चिकटवला शिकाऱ्यांनी.

पत्रकात ‘बिग फाइव्ह’ असतंच. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस. हे पाचच का? जिराफ मोठा नाही? पाणघोडा मोठा नाही? कारण ही यादी आकाराची नाही. पायी शिकार करायला जे पाच प्राणी सगळ्यात अवघड आणि धोक्याचे, त्यांची ही यादी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोंबासाला उतरले. त्यांनी आणि त्यांचा मुलगा कर्मिट यानं मिळून त्या मोहिमेत ५१२ प्राणी मारले, आणि या दौऱ्यावर पुस्तकही लिहिलं. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, पण यादी राहिली. आज आपण त्याच यादीवर टिक करत फिरतो. ‘चार झाले, गेंडा राहिला’ असं संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोललं जातं, तेव्हा ते वाक्य शिकाऱ्याच्या तंबूतलंच असतं.

रूझवेल्ट मोंबासाहून ज्या रेल्वेनं आत गेले ती कुणी बांधली, हे मात्र पत्रकात नसतं. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेसाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले गेले, बहुतेक पंजाबातले. जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. १८९८ मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचं काम चालू असताना दोन सिंहांनी तंबूंतून माणसं ओढून नेली, ती प्रामुख्यानं हेच मजूर. पुलावरच्या कर्नल पॅटरसन यांनी ते सिंह मारले, १९०७ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि ते सिंह आज शिकागोच्या संग्रहालयात उभे आहेत. पॅटरसन यांचं नाव सगळ्यांना माहीत, मेलेल्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

ही गोष्ट आम्ही जरीपटक्यात मुद्दाम सांगतो आहोत. ते मजूर जहाजावर चढले ते कराचीच्या बंदरात. मजूर पुरवण्याचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं ते अलीभाई मुल्ला जीवनजी कराचीचे. नैरोबीच्या भर मध्यावर आजही जीवनजी गार्डन नावाची बाग आहे. इथे बसलेल्या अनेक घरांतले वडीलधारे फाळणीनंतर सिंधमधून नागपुरात आले. त्यांच्या लहानपणच्या गोष्टींतलं कराची आणि या रेल्वेचं कराची एकच. तुम्ही नैरोबीला उतराल तेव्हा परक्या गावात उतरत नाही, तुमच्या मागच्या गावातून निघालेल्या लोकांनी उभ्या केलेल्या गावात उतरता. सात दिवसांच्या पत्रकात यासाठी अर्धी ओळ असायला नको? असते ती एवढीच : ‘नैरोबी विमानतळावरून थेट प्रस्थान.’

तुम्ही म्हणाल, पत्रकाकडून इतकी अपेक्षा का? ते काय साहित्य आहे? ठीक. पण जंगलाविषयी कसं लिहावं याचा एक दर्जा मराठीत, आणि तोही विदर्भाच्या मातीत, तयार झालेला आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले आणि त्या मुक्कामावर ‘नागझिरा’ लिहिलं. त्यात वाघ दिसला की नाही यावर पुस्तकाचं यश अवलंबून नाही. माणूस पायी हिंडतो, बसतो, वाट बघतो, वानरांच्या टोळ्या न्याहाळतो. त्या न्याहाळण्याचं पुढे ‘सत्तांतर’ झालं, त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सफारीच्या भाषेत सांगायचं तर वानर म्हणजे काय? ‘बिग फाइव्ह’मध्ये नाही, गाडी थांबवायच्या लायकीचंही नाही. एका मोठ्या लेखकानं त्यावर कादंबरी उभी केली.

मारुती चितमपल्ली तर वनखात्यातच होते. त्यांची नोकरी याच जंगलांत गेली, नागपुरात ते वर्षानुवर्षं राहिले, २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांचं लेखन वाचताना एक गोष्ट सतत जाणवते : जंगलाची माहिती त्यांना कुणी दिली हे ते सांगतात. नवेगावचे माधवराव पाटील, तळ्यावरचे ढिवर, गोंड वाटाडे, पारधी. पक्ष्याचं नाव आलं की ते नाव कुणाच्या तोंडचं हेही येतं. त्यांच्या जंगलात माणसं आहेत आणि त्या माणसांना नावं आहेत.

या दोघांच्या शेजारी आपलं पत्रक ठेवून बघा. त्याची भाषा गोड आहे की नाही हा प्रश्न नाही, ‘विलोभनीय’ आणि ‘अविस्मरणीय’ आम्ही सोडून देतो. खरी उणीव दोन गोष्टींची आहे. त्यात वेळ नाही, आणि त्यात माणसं नाहीत.

आधी वेळेचं बघू. नैरोबी ते अंबोसेली चार-पाच तास. अंबोसेली ते नैवाशा, नैरोबीची वाहतूक लागली तर, जवळजवळ अख्खा दिवस. तिथून मारा पुन्हा पाच-सहा तास. सात दिवसांत तीन-चार ठिकाणं घातली की उजेडाचे निम्मे तास डांबरी रस्त्यावर जातात. पण पत्रकात प्रत्येक दिवसाला एका उद्यानाचं नाव आहे, त्यामुळे दिवस भरलेला दिसतो. नाकुरूची रात्र कमी करून माऱ्याची एक वाढवली तर पत्रक वाचताना कार्यक्रम गरीब वाटतो, प्रत्यक्षात तो श्रीमंत होतो. वाचणारा ठिकाणं मोजतो, म्हणून लिहिणारा ठिकाणं वाढवतो. दोष एकट्या लिहिणाऱ्याचा नाही, बरं का.

मग ऋतू. पत्रकावर बारा महिने एकच चित्र असतं : नदीत उड्या घेणारे विल्डबीस्ट. हे प्राणी साधारण तेरा लाख आहेत, सोबत झेब्रे, आणि ते पावसामागे, गवतामागे वर्षभर गोल फिरतात. फेब्रुवारीच्या आसपास ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात, तिथे काही आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात. केनियाच्या माऱ्यात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. आता आपल्या सुट्ट्या बघा. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. नोव्हेंबरातली असेल तर कळप परत दक्षिणेला लागलेले असतात. मे महिना? मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस. आणि माऱ्याची जमीन कोणती? काळी. आपली कपाशीची जमीन जशी, तशीच चिकट काळी माती. पावसात काळ्या जमिनीत बैलगाडी फसली की काय होतं हे वर्धा-यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. तिथे लँडक्रूझर फसते, एवढाच फरक.

याच हिशेबात विदर्भाच्या माणसाचा एक फायदा आहे, तो आम्ही कुठल्या पत्रकात वाचला नाही. उन्हामुळे आपल्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. म्हणजे जूनचा मधला पंधरवडा आपल्या मुलांना मोकळा असतो. तेव्हा माऱ्यातला मोठा पाऊस बहुधा संपलेला असतो, गर्दी आलेली नसते, आणि प्रवेशशुल्क निम्मं असतं. २०२४ पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला माऱ्यात जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. दर बदलतात, निघण्याआधी पाहून घ्या. चौघांच्या कुटुंबाला तीन दिवसांचा फरक केवढा पडतो, करा हिशेब. मोबदल्यात काय जातं? नदी ओलांडण्याचं दृश्य. सिंह, हत्ती, जिराफ, तरस, शेकडो पक्षी वर्षभर तिथेच राहतात. पण ‘पाहायला मिळेल’च्या यादीत नदी पहिली असल्यामुळे जूनचं पत्रक कुणी छापत नाही.

त्या नदीविषयीच बोलू. जुलै २०२५ मध्ये एक चित्रफीत जगभर फिरली. सेरेंगेटीच्या उत्तरेला कोगातेंडे इथे मारा नदीच्या काठावर पर्यटक गाड्यांतून उतरून उभे आहेत, आणि नदीत उतरू पाहणारे प्राणी बिचकून मागे फिरताहेत. ज्यांना बघायला माणसं आली, त्यांचीच वाट त्यांनी अडवली. लोक म्हणाले, काय ही माणसं!

मंडळी, त्याच्या सात महिने आधी आपण काय केलं होतं? ३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, गोठणगाव. एक वाघीण, तिच्यासोबत पाच बछडे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जिप्सी. वाघिणीला पुढेही जाता येईना, मागेही. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. चालकांवर आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची कारवाई झाली.

ती कारवाई योग्यच होती. पण समीक्षक म्हणून आम्हाला पुढचा प्रश्न पडतो. त्या चालकानं गाडी पुढे का घातली? गाडीत बसलेल्या सहा जणांना ‘वाघ पाहायला मिळेल’ असं कुणीतरी सांगितलं होतं. तो मिळाला नाही तर बक्षीस मिळणार नाही, ऑनलाइन शेरा वाईट येणार, पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार. गोठणगावचा चालक आणि कोगातेंडेचा चालक एकमेकांना ओळखत नाहीत, पण ते एकाच वाक्याचे नोकर आहेत. ते वाक्य आपण पैसे देऊन विकत घेतो. निलंबन वाक्याचं झालं नाही.

आता दुसरी उणीव, माणसं. पत्रकाच्या शेवटी एक चौकट असते : ‘ऐच्छिक, अतिरिक्त शुल्क’. त्यात दोन गोष्टी असतात. गरम हवेच्या फुग्यातून फेरी, आणि मसाई गावाला भेट. ज्यांच्या नावानं ते जंगल ओळखलं जातं ती माणसं फुग्याच्या शेजारी, ऐच्छिक. मोठ्यामोठ्या लेखांनी जे सांगता आलं नसतं ते या चौकटीनं नकळत सांगितलं आहे.

‘सेरेंगेटी’ हे नाव मसाई भाषेतून आलं. १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटीतून उठवून गोरोंगोरोला हलवलं गेलं. आणि २०२२ पासून त्यांना गोरोंगोरोतूनही शेकडो किलोमीटर लांब मसोमेरा गावाकडे नेण्याचं काम सरकारनं सुरू केलं. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडोत जमिनीच्या आखणीवरून पोलीस आणि मसाई यांच्यात चकमक झाली. हे वाचून आपल्याला काही आठवतं का? मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही कोरकूंची गावं. ताडोबातलं नवेगाव, जामणी. काहींना उठणं हवं होतं, काहींना नको होतं. काहींचं बरं झालं, काहींचं नाही. आम्ही इथे न्यायनिवाडा करत नाही. फक्त एवढं म्हणतो की ज्याला आपण ‘निर्मनुष्य अरण्य’ म्हणून पैसे देतो, ते निर्मनुष्य केलेलं असतं. ताडोबाचं नावच तारू या गोंड माणसावरून पडलं असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो गेला आणि देव झाला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. म्हणजे आपल्या सगळ्यात प्रसिद्ध जंगलाचं नाव वाघाचं नाही, वाघानं मारलेल्या माणसाचं आहे.

आणि ही जुनी गोष्ट नाही. एप्रिल-मे हा ताडोब्यात वाघ दिसण्याचा सगळ्यात चांगला काळ, पाणवठे आटतात म्हणून. तोच मोहफुलं वेचण्याचा आणि तेंदूपत्ता तोडण्याचा काळ. एकाच जंगलपट्ट्यात, एकाच पहाटे, गाडीतला माणूस म्हणतो देवा दिसू दे, आणि टोपली घेऊन निघालेली बाई म्हणते देवा दिसू नको देऊ. तिकडे अंबोसेलीजवळ मे २०२३ मध्ये लूनकिटो नावाचा एकोणीस वर्षांचा सिंह, गुरांच्या गोठ्यात शिरला म्हणून, भाल्यांनी मारला गेला. जगभर हळहळ झाली. गुरं कुणाची होती, त्याचं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही. चांगल्या सफारीत हा दुसरा आवाज ऐकू यायला हवा. नाहीतर आपण अर्धंच जंगल बघून येतो.

पत्रकाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. अनेकांना त्याचा मोठा आधार असतो. ज्यांनी पासपोर्ट पहिल्यांदा काढला आहे, ज्यांना इंग्रजीची भीती वाटते, ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांना कांदा-लसूण चालत नाही, त्यांना हे आठ-दहा कागद धीर देतात. त्याला हसणारे लोक बहुधा एकटे फिरणारे, तरुण आणि पैसेवाले असतात. आमची तक्रार हमीबद्दल नाही, ती चुकीच्या गोष्टीची दिली जाते याबद्दल आहे. हमी द्यायचीच तर खिडकीची द्या, गाडीत माणसं किती याची द्या, एका ठिकाणी किती रात्री याची द्या. प्राण्याची हमी देऊ नका, तो तुमच्या पगारावर नाही.

मग चांगलं पत्रक कसं असेल? दोन ठिकाणं, प्रत्येकी तीन रात्री. माऱ्याच्या भोवती मसाईंच्याच मालकीच्या जमिनी आहेत, त्या त्यांनी राखीव क्षेत्रांसाठी भाड्यानं दिल्या आहेत. तिथे तंबू आणि गाड्या मर्यादित असतात, भाडं जमीनमालक कुटुंबांना जातं. महाग पडतं, पण निदान एक रात्र तिथे घालता येईल का, असं विचारता येईल. मार्गदर्शकाचं नाव कार्यक्रमात आधीच छापलेलं असेल. त्याला पहिल्याच सकाळी आपण सांगू की आम्हाला घाई नाही, प्राण्याजवळ गर्दी असेल तर तिथे जाऊ नका. हे एक वाक्य ऐकून बहुतेक मार्गदर्शकांचे खांदे सैल पडतात. मग तो तुम्हाला शेणकिडा दाखवतो, वारुळ दाखवतो, सिंह कुठल्या वाऱ्याला बसतो हे सांगतो.

सामानाच्या यादीतही पत्रकं चुकतात, ते जाता जाता. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून नागपूरकर फक्त सुती कपडे भरतात. नैरोबी १७०० मीटरवर आहे, जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत स्वेटर लागतो. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, तेव्हा चिवडा-शंकरपाळे डब्यात न्या. गडद निळे आणि काळे कपडे टाळा, त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते, तिला पकडायचे सापळेही निळे-काळेच असतात. छोट्या विमानानं माऱ्याला जाणार असाल तर माणशी पंधरा किलो आणि तेही मऊ पिशवीत. आणि पीतज्वराची लस : ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. ते नसताना केनियाहून परतलात तर आपल्याच विमानतळावर तुम्हाला अलग ठेवू शकतात.

आमचं म्हणणं इथे संपतं. आता तुम्ही विचारा.

*

श्रोत्यांचा प्रश्न : तुमचं पटलं. पण पाच-सहा लाख घालून गेलो आणि सिंह नाही दिसला, तर माणसाला वाईट वाटणारच नं?

वाटणारच. वाटावं. माऱ्यात तीन दिवस राहिलात तर सिंह बहुधा दिसेल, कारण तिथे झाडोरा कमी आणि सिंह भरपूर. आमचा आग्रह एवढाच की तो दिसला नाही तर दिवस वाया गेला असं वाटण्याजोगी योजना आखू नका. सकाळच्या फेरीत काय बघितलं याची यादी संध्याकाळी मुलांना लिहायला सांगा, पण ‘बिग फाइव्ह’ सोडून. बघा किती लांब होते.

श्रोत्यांचा प्रश्न : इतक्या लांब जायचंच काहून? आपल्या इथे पेंच आहे, ताडोबा आहे.

इथे गेलेच पाहिजे, आणि आधी गेले पाहिजे. पण दोन्हींत निवड करायची नसते. तिकडचं मोकळं गवताळ रान आणि आपलं सागवानी जंगल ही बघण्याची दोन वेगळी शिक्षणं आहेत. तिथे नजर लांब जाते, इथे कान लागतात. चितळाचा, वानराचा इशारा ऐकून वाघाचा अंदाज बांधणं इथल्या मार्गदर्शकांना येतं. ज्यानं ते सिल्लारीला किंवा मोहर्लीला एकदा शांतपणे ऐकलं, तो माऱ्यात जास्त चांगला पाहुणा होतो. आपल्याकडची गाभा क्षेत्रं १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात, जंगलाला विश्रांती म्हणून. तिकडे नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त गर्दी. हा फरक मुलांना समजावून सांगितला तरी अर्धं पर्यावरण शिकवून होतं.

श्रोत्यांचा प्रश्न : आम्ही सहल कंपनीवाले आहोत. आम्ही ‘पाहायला मिळेल’ नाही लिहिलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. मग काय लिहू?

हा आजचा सगळ्यात खरा प्रश्न. तुम्ही एकट्यानं बदललात तर नुकसान होईल, हे आम्हाला मान्य आहे. म्हणून सुरुवात वाचणाऱ्यांनी करायची. इथे बसलेल्यांपैकी जे पुढच्या वर्षी जाणार असतील त्यांनी दुकानात गेल्यावर ‘काय काय दिसेल?’ हे विचारू नये. ‘एका ठिकाणी किती वेळ थांबणार?’, ‘मार्गदर्शक कोण आहे?’ आणि ‘गर्दी असेल तर गाडी मागे घेणार का?’ हे तीन प्रश्न विचारावेत. दहा गिऱ्हाइकांनी हे विचारलं तर अकराव्यासाठी तुम्ही पत्रक आपणहून बदलाल. आणि सध्या काय लिहायचं म्हणाल तर ‘इथे हत्ती राहतात’ असं लिहा. ते खरं आहे, आणि ऐकायलाही वाईट नाही.